दापोली ते मालगुंड: चढ फार, समुद्र कमी

पहाटे ५.१०. दापोलीच्या लॉजमध्ये गजर वाजायच्या आधीच फिटर उठून बसलाय. तो भोसरीला एका वर्कशॉपात डाय फिटर आहे. पहिल्या पाळीची सवय, ती सुट्टीतही सुटत नाही. ओळखीतले सगळे त्याला फिटरच म्हणतात. फोनवर त्याची बायकोही कधी कधी म्हणते. नोकरी कंत्राटी. एक खाडा झाला की साडेसातशे रुपये कापले जातात. म्हणजे हा माणूस रोज साडेसातशे भरून सायकल चालवतोय. माझी रजा भरपगारी. या फरकावर आम्ही कधी बोलत नाही. हॉटेलात मात्र तो मेन्यूकार्ड उजवीकडून वाचायला घेतो.

५.३०. लॉजच्या पडवीत सायकली उलट्या उभ्या. काल हर्णैच्या बाजूने येताना चेनमध्ये वाळू गेली होती. फिटर जुन्या बनियनचा तुकडा चेनभोवती धरतो आणि पायडल उलटं फिरवत राहतो. कापड काळं होतं. मग कोरडा भाग पुढे, पुन्हा तेच. मग तेल. प्रत्येक कडीवर एक थेंब, वरून पुसून काढायचं. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ, हे तो मला रोज सांगतो. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी बॅगा. माणशी नऊ किलो. त्याच्या नऊमध्ये दीड किलो नुसती हत्यारं आहेत: ॲलन की, पक्कड, निपल की, टायर लिव्हर, हॅक्सॉचं अर्धं पातं आणि एक बोटभर कानस. कानस कशाला, हे विचारून झालंय. ‘असू दे,’ एवढंच उत्तर मिळतं.

६.१५. स्टँडसमोरच्या टपरीवर दोन चहा, दोन क्रीमरोल. चाळीस रुपये. जुनी माणसं दापोलीला अजून कॅम्प म्हणतात, इंग्रजांच्या छावणीवरून. फेब्रुवारीचा पहिला आठवडा आहे. थंडी बोटांना लागते. पुढचे दिवे लावून दाभोळच्या रस्त्याला लागतो. आंब्याला मोहोर आलाय, अंधारात तो दिसत नाही, पण वासावरून बाग कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळतं. एका बागेत या वेळेलाच फवारणीचा पंप सुरू आहे. वारा पडलेला असतो तेव्हाच फवारून घ्यायचं. पंपाचा आवाज मागे बराच लांबपर्यंत येतो.

७.३५. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं पुण्यात बसून वाटतं. नकाशावर रेघ किनाऱ्याला चिकटलेली दिसते. प्रत्यक्षात गावं खाली, रस्ता वर सड्यावर. दर खाडीला शून्यावर उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सगळं चढायचं. दापोली समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे-अडीचशे मीटर उंच. ती सगळी उंची आता दाभोळच्या उतारावर खर्च होतेय. वळणं आवळ आहेत. दोन्ही ब्रेक दाबून हाताचे अंगठे दुखायला लागतात. मधे थांबून रिमला बोट लावून बघतो. चटका बसतो. फिटर बाटलीतलं पाणी ओतायला निघतो, मग थांबतो. ‘गरम रिमवर पाणी नको. आणि पाणी वीस रुपयांचंय.’

८.०५. दाभोळची जेटी. गाव जुनं, बंदर त्याहून जुनं. बहमनी काळात इथून मक्केला जाणारी जहाजं सुटायची. आता मच्छीमार होड्या आणि फेरीबोट. फेरीबोटीला इथे जंगलजेटी म्हणतात. माणसाचं तिकीट वेगळं, सायकलचं वेगळं. शंभराच्या नोटेतून सुट्टे परत येतात. आधी टेम्पो, मग मोटारी, मग मोटारसायकली, कोपऱ्यात आम्ही. खलाशी हातानेच खुणावतो: अजून मागे, अजून, बस. टेम्पोच्या आरशात आणि माझ्या हँडलमध्ये चार बोटं अंतर उरतं.

शेजारी एक मावशी रिकाम्या पाट्या घेऊन बसल्यात. मासे पहाटेच विकून झालेत. ‘कुटनं आलाव?’ पुण्याहून. ‘सायकलीनं? नि गाडी इकलात काय?’ फिटर गंभीर चेहऱ्याने हो म्हणतो. मावशींना खरं वाटतं. पलीकडे पोचेपर्यंत त्या आमच्याकडे जरा कळवळ्यानेच बघत राहतात.

ही वाशिष्ठीची खाडी. आत थेट चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत गेलेली. बोट नसेल तेव्हा गाडीवाले तेवढा वळसा घालतात. आम्हाला पाण्यावरची काही मिनिटं मिळाली. पाय लांब केले, चिक्की खाल्ली.

८.३५. धोपावे. बोटीची फळी टेकते आणि दहा पावलांवर चढ सुरू होतो. पुढची चेन सगळ्यात लहान चकतीवर, मागची सगळ्यात मोठ्या. ताशी सहा किलोमीटर. या वेगाला माणूस चालतोसुद्धा. दम लागतो तो छातीत नाही, मांडीत. घाम भुवईवरून चष्म्यावर. फिटर पुढे. तो उभा राहून मारतो, मी बसून. त्याच्या पाठीवर बनियनचा ओला आकार हळूहळू मोठा होतो.

९.१०. चढ संपल्यावर पोहे. तीस रुपये प्लेट, वर ओलं खोबरं. हॉटेलवाल्याच्या मागच्या बाजूला चार खोल्यांची चाळ आहे, पत्रे गंजलेले. ‘कंपनीच्या टायमाला बांधली,’ तो म्हणतो. कंपनी म्हणजे एन्रॉन. दाभोळ हे नाव त्या प्रकल्पाने जगभर नेलं, प्रकल्प मात्र दाभोळात नाहीच. तो खाडीच्या या बाजूला, गुहागर तालुक्यात, वेलदूर-अंजनवेलच्या अंगाला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद. २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेला. ‘तेव्हा एका खोलीत सहा-सहा जण राहायचे. भाडं आगाऊ द्यायचे.’ आता एका खोलीत नारळ आहेत, एकीत सरपण. बाकी दोन्हींना कुलूप.

९.५०. टण्. आवाज लहान, पण सायकलवाल्याला पाठीच्या कण्यात ऐकू येतो. माझ्या मागच्या चाकाची एक तार तुटली. कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या बाजूची, हबपाशीच. चाक लगेच आउट होतं आणि दर फेरीला ब्रेकला घासतं. फिटर उतरतो, वाकतो, बघतो. ‘उजवी गेली. उजवीच जाते नेहमी.’ चेनचा सगळा ताण त्या बाजूला. मी ज्या चढावर नऊ किलो लादून बसून पायडल मारतो, तिथे तर जास्तच. तुटलेली तार तो शेजारच्या तारेला गुंडाळतो, निपल कीने आजूबाजूच्या दोन ढिल्या करतो, मागचा ब्रेक उघडून ठेवतो. माझी जड बॅग काढून स्वतःच्या कॅरिअरवर, इतर दोनांच्या वर, रबरी पट्ट्याने आवळतो. ‘उतारावर पुढचा ब्रेक. हळू. मान मोडून घेऊ नकोस, पंचनाम्याला मला थांबावं लागेल.’

११.०५. गुहागर. दोन सायकल दुकानं चौकशीत निघतात. एकात आता मोबाईल कव्हर. दुसरं पंक्चरचं, चाचांचं. बाहेर कंप्रेसर, आत ट्रॅक्टरचा टायर, भिंतीवर ट्यूबा. सायकल दिसत नाही एकही. चाचा सत्तरीच्या आसपास. चाक हाताने एकदा फिरवतात आणि मान हलवतात.

अडचण अशी. तार घालायची तर कॅसेट काढावी लागते. कॅसेट काढायचा पान्हा आमच्याकडे नाही, चाचांकडे तर असायचं कारणच नाही. आणि या मापाची तार रत्नागिरीच्या अलीकडे मिळेल असं वाटत नाही. चाचा आत जातात. बराच वेळ खडखड होते. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन बाहेर येतात. आत जुन्या काळ्या सायकलींच्या तारा, गंजलेल्या, कागदी पट्टीने बांधलेल्या. ‘हे एक डझन शेवटचं. भाड्याच्या सायकलींसाठी आणलेलं. पंधरा सायकली होत्या माझ्या. तासावर द्यायचो. शाळा सुटली की पोरं रांग लावायची.’

तार आमच्या मापापेक्षा लांब. फिटर तुटलेल्या तारेचा उरलेला भाग निपलमधून सोडवतो. निपल रिममध्येच राहू देतो. नवीन तारेचं आट्याचं टोक त्यात बोटाने फिरवून बघतो. एक आटा, दोन आटे, तीन. ‘बसतेय!’ दोघंही एकदम म्हणतात. मग दोघं उकिडवे बसतात आणि मला कोणी विचारत नाही.

तार शेजारच्या चांगल्या तारेला लावून माप घेतलं. नखाने खूण. खुणेच्या पुढे अर्धं बोट सोडून हॅक्सॉच्या पात्याने डोकं कापलं. पातं अर्धंच, तेही हातात फडकं गुंडाळून धरायचं. मग कानस. कापलेलं टोक चारी बाजूंनी घासून गोल केलं. (फिटर माझ्याकडे बघत नाही. बघायची गरजच नाही.) मग पक्कड. खुणेवर एक काटकोन. चाचा म्हणतात, ‘एकदम नको, तुटेल, हळू हळू दाब.’ त्याच्यापुढे तीन-चार मिलिमीटर सोडून उलट दिशेला दुसरा काटकोन. टोकाला इंग्रजी झेड अक्षर तयार. आता कॅसेट काढायलाच नको. हे टोक कॅसेट आणि हबच्या फटीतून आत सरकवायचं, भोकात अडकवायचं आणि वरून निपल आवळायचं. पहिल्यांदा निसटतं. दुसऱ्यांदा चाचांच्या बोटांना सापडतं. त्यांची नखं जाड, कडेला काळी. भोक डोळ्यांनी दिसत नाही तिथे ती बोटं जातात.

नंतर आउट काढणं. ब्रेक बंद केला, चाक फिरवलं. ब्रेकच्या रबराला रिम कुठे शिवते ते बघायचं. डावीकडे ओढायचं तर डावी तार पाव आटा आवळ, उजवी पाव आटा ढिली. पुन्हा फिरव. चाचा मधेमधे तारा बोटाने छेडतात आणि कान लावतात. सारखा आवाज यायला हवा. नवीन तारेचा आवाज जरा जाड येतो. ‘पोचाल. उड्या मारू नका नि ओझं कमी ठेवा.’

किती झाले? चाचा डब्याकडे बघतात, मग चाकाकडे. साठ रुपये. फिटर ऐंशी देतो. माणूस स्वतः उजवीकडून मेन्यू वाचणारा, पण कारागिराला पैसे देताना घासाघीस करत नाही. चाचा वीस परत करायला लागतात, फिटर घेत नाही. शेवटी त्या विसाचा चहा येतो. मुलगा कुवेतला असतो. दुकान बंद कर म्हणतो. ‘घरी बसून काय करू?’ चाचा विचारतात आणि उत्तराची वाट न बघता कंप्रेसर सुरू करतात.

१२.३५. खानावळ. व्याडेश्वराच्या आसपासच्या गल्लीत, अंगणात सुपारी वाळत टाकलेली. शाकाहारी ताट एकशेसाठ. मोदक वेगळे. फिटर मोदकाचा दर वाचतो आणि नको म्हणतो. भात तीनदा घेतो. सोलकढी दोनदा मिळते, तिसऱ्यांदा वाढणारी मुलगी आत जाऊन विचारून येते. समुद्र इथून पाच मिनिटांवर आहे, सहा किलोमीटर लांब वाळू आहे. आम्ही बघायला जात नाही. वाळूत चालायला पाय लागतात.

१.२०. जेवून लगेच निघणं वाईट. पण तवसाळची बोट आणि अंधार यांचं गणित आहे. बाटल्या भरल्या, एकीत इलेक्ट्रलची पुडी. मिठाची चव आता बरी लागतेय. म्हणजे शरीरातलं मीठ गेलंय. बॅग अजून फिटरच्याच कॅरिअरवर. त्याची सायकल मागून बघितली की डोलते.

२.१५. पालशेतच्या पुढचा सडा. इथे सावली नाही. जांभा दगड, पिवळं गवत, रस्त्यावर उन्हाची थरथर. एक चिरेखाण लागते. लाल चौकोनी खड्डा, कडा करवतीने कापल्यासारख्या सरळ, कारण खरंच यंत्राच्या करवतीने कापलेल्या. चिरे ट्रकमध्ये भरणं चाललंय. एक चिरा वीस-पंचवीस किलोच्या खाली नसावा. खालचा माणूस उचलतो, मांडीवर टेकवतो, मांडीनेच वर ढकलतो. वरचा झेलतो आणि रचतो. हातमोजे नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे तळहाताला बांधलेत. तोंडावर, भुवयांवर लाल भुकटी.

पाणी मागतो. गोणपाट गुंडाळलेल्या कॅनमधलं पाणी गार आहे. माणसं विजापूरकडची. भराईचे पैसे नगावर. ट्रक भरला की हिशोब, ट्रक आला नाही की बसून. त्यातला एक जण माझी सायकल एका हाताने उचलतो आणि हसतो. ‘हलकी हाय. केवढ्याची?’

फिटर माझ्या आधी बोलतो. ‘आठ हजार. जुनी घेतली.’

अठ्ठावीसची आहे, आणि नवी. तो सगळीकडे आठच सांगतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता मीही आठच सांगतो.

३.१०. वेळणेश्वरच्या पुढची चढण. इथे भांडण झालं. कारण सांगण्यासारखं नाही. मी म्हणालो पाच मिनिटं थांबू, तो म्हणाला तुझी पाच मिनिटं वीस असतात. मी म्हणालो तुला ओझं जड होत असेल तर दे माझी बॅग. तो म्हणाला घे. मग चाकाचं काय, हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे बॅग जागची हलली नाही. पुढचे तीन किलोमीटर कोणी बोललं नाही. डाव्या पोटरीत गोळा येतोय. पायडल मारताना टाच खाली दाबली की जरा सैल पडतो. मी चढ मोजायचं सोडून विजेचे खांब मोजतोय. एक खांब आला की पुढचा बघायचा. मोबाईलची बॅटरी, गुडघा, फिटरचा स्वभाव, सगळ्याचा राग येतोय.

मागून एक टेम्पो येतो. तवसाळला मासळी घ्यायला निघालेला, मागे रिकामी क्रेट आणि बर्फाचं पाणी. ड्रायव्हर स्वतःहून थांबतो. ‘दोगं नि सायकली, दोनशे द्या.’

मी फिटरकडे बघतो. तो म्हणतो, ‘तू जा. मी साडेसातशे टेम्पोत बसायला नाही भरले.’ हे तो पहिल्यांदाच तोंडाने बोलला.

टेम्पोचं इंजिन सुरूच. ड्रायव्हर गिअरवर हात ठेवून दोघांकडे आळीपाळीने बघतो. शेवटी त्यालाच सुचतं. ‘मंग बॅगा टाका. जेटीवरच्या चहावाल्याकडं ठेवतो. पन्नास द्या.’

हे आम्हाला सकाळपासून का सुचलं नाही कोण जाणे. चारही बॅगा क्रेटमध्ये. पाकीट, फोन आणि पंप तेवढा अंगावर. टेम्पो वळणाआड जातो. फिटर म्हणतो, ‘नंबर घेतलास गाडीचा?’ मी म्हणतो, तू घेतला असशील. कोणीच घेतलेला नाही. पण नऊ किलो नसलेली सायकल म्हणजे वेगळंच जनावर. पहिल्याच चढावर दोघं वरचा गिअर टाकतो. बोलणं आपोआप सुरू होतं, बॅगेत काय काय होतं याच्या यादीने.

४.०५. हेदवी. दशभुजा गणपतीला रस्त्यावरूनच नमस्कार. बामणघळ इथे आहे, कातळातली चीर, भरतीला लाट आत शिरून उंच उडते. बघण्यासारखी जागा. आम्ही बघत नाही. खाली उतरलेलं परत चढावं लागतं. या रस्त्यावर हा हिशोब सगळ्या देखाव्यांना लागू होतो. एका टपरीवर कोकम सरबत, तीस रुपये ग्लास. केळी सहा, चाळीस रुपये. केळी उभ्यानेच संपतात.

५.१५. तवसाळ. उतार संपतो तिथे चहाची टपरी, टपरीच्या बाकाखाली आमच्या चारही बॅगा, ओळीने. त्यांना मासळीचा वास लागलाय. तो पुण्यापर्यंत जाईल. चहावाला विचारतो, ‘तुमच्याच ना?’ ओळख पटवून घ्यायची त्याला गरज वाटत नाही. या बॅगा दुसऱ्या कोणाच्या असणार?

पलीकडे जयगड. मधे शास्त्री नदीची खाडी. बोट त्या काठाला आहे, यायला वेळ लागेल. इथे पूल होणार, ही गोष्ट जेटीवर सगळ्यांच्या तोंडी आहे. चहावाल्याला विचारलं, मग टपरीचं काय? तो कळशीतून पाणी ओतत म्हणतो, ‘पूल झाल्यावर बघू. बोट चुकलेली माणसं असतात तोवर चहा खपतो.’

५.५५. बोटीवर. फिटर जमिनीवरच आडवा. डोक्याखाली हेल्मेट. खलाशी त्याच्या पायांवरून ओलांडून दोर टाकतो, काही बोलत नाही. मी चाक बघतो. चाचांची तार जागेवर आहे. काळ्या-चकचकीत तारांमध्ये ती एकटीच तांबूस.

६.१५. जयगडचा चढ. दिवसातला सगळ्यात वाईट. लांब नाही, पण उभा, आणि दिवसाच्या शेवटी. बॅगा परत कॅरिअरवर, माझी जड बॅग परत त्याच्याकडे. अर्ध्यावर दोघंही उतरून ढकलतो. ढकलायला वेगळे स्नायू लागतात. खांदा, मनगट, कमरेचा खालचा भाग. बुटाच्या खालची लोखंडी क्लिप डांबरावर घसरते. उजवीकडे सूर्य समुद्रात चाललाय. दोन मोटारी थांबून लोक फोटो काढतायत. त्यातल्या एका ताईंनी आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. फोटोत येत होतो.

वर आल्यावर औष्णिक वीज केंद्राचे दिवे लागलेले दिसतात. बाराशे मेगावॅट. पाळी सुटलीय. हेल्मेट घातलेली पोरं मोटारसायकलींवरून तिघं-तिघं घरी निघालीत. फिटर त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रांच्या फिती बघतो. ‘निळी म्हणजे कंत्राटी असणार. आमच्याकडे पण निळीच आहे.’

७.१०. अंधार. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. वरवड्याची खाडी पुलावरून ओलांडली, म्हणजे पुन्हा खाली आणि पुन्हा वर, पण आता पाय तक्रार करायच्या पलीकडे गेलेत. नुसते फिरतात. कुत्री दोनदा मागे लागली. फिटर दुसऱ्यांदा सायकलवरूनच ओरडला, ‘अरे, दमलोय रे!’ कुत्रं खरंच थांबलं.

७.५०. मालगुंड. केशवसुतांचं जन्मगाव, स्मारक आहे, या वेळेला बंद. गणपतीपुळे पुढे अगदी थोडं राहिलंय. पण तिथे खोलीचे दर जास्त आणि आमचे गुडघे संपलेत. एका घराच्या माडीवर खोली. बाराशे सांगितले. फिटरने दमलेला चेहरा पुढे केला आणि नऊशेवर आणले. तो चेहरा करायला आज काही कष्ट पडले नाहीत. गरम पाण्याची बादली. कानामागून लाल माती निघते.

मोबाईल दिवसभराचा चढ चौदाशे मीटरच्या वर दाखवतो. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. आणि आमचा मुक्काम पुन्हा समुद्रसपाटीलाच.

८.४०. जेवण. यजमानीण बाईंनी बांगडा तळलाय. भाकरी, आमटी, भात, एकेक बांगडा. दोघांचे चारशेवीस. फिटर काटा काढत काढत खिशातून वही काढतो. रोजचा हिशोब रोज. बोटं तेलकट, त्यामुळे पानावर डाग. चहा-क्रीमरोल चाळीस. दोन्ही बोटी मिळून दीडशेच्या आत. पोहे-चहा ऐंशी. तार ऐंशी. ताटं तीनशेवीस. सरबत साठ. केळी चाळीस. टेम्पो पन्नास. खोली नऊशे.

‘तारेचे ऐंशी कॉमन नाहीत,’ तो म्हणतो. ‘चाक तुझं.’

कबूल.

‘हमाली लावायची राहिली. तुझी बॅग. गुहागरच्या अलीकडून वेळणेश्वरच्या चढापर्यंत, आणि मग जयगड ते इथे.’

मी म्हणतो, मधे टेम्पोने नेली ते वजा कर. त्याने आधीच केलंय. पेन्सिलीने बेरीज मांडतो, खोडतो, किलोमीटरला दोन रुपये की तीन यावर अडतो. नगावर लाव, मी सुचवतो. एक नग, एक बॅग. ते त्याला पटत नाही, नगावर खाणवाल्यांचंच नुकसान होतं म्हणतो. शेवटी रोजावर ठरतं. अर्धा रोज. तीनशे पंच्याहत्तर. मी तीनशे म्हणतो, तो सव्वातीनशेवर येतो आणि वर एक बांगडा मागतो. बाई आतून विचारतात, अजून एक तळू का? साठ रुपये पडतील. फिटर माझ्याकडे बघतो. मी हो म्हणतो. तो वहीत माझ्या नावापुढे साठ लिहितो.